कुंपणापलीकडचं वाळवंट : प्रस्तावना

सोनोरा वाळवंटाची हद्द फॉरेस्ट श्रीव्ह यांनी झाडांना विचारून ठरवली. सावारो हा खांबासारखा उंच निवडुंग कुठवर वाढतो, हिरव्या सालीची पालो वेर्देची झाडं कुठे विरळ होत जातात, हिवाळ्यातली थंडी कोणत्या उंचीनंतर निवडुंगाला जगू देत नाही, याच्या नोंदी करत ते वर्षानुवर्षं या मुलखात हिंडले. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराला लागून तुमामोक नावाची टेकडी आहे. कार्नेगी संस्थेने १९०३ साली तिथे वाळवंटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली आणि श्रीव्ह १९०८ पासून तिथे कामाला लागले. १९५० साली ते वारले. त्यांनी आखलेली हद्द पुढच्या वर्षी छापून आली. त्या हद्दीतलं वाळवंट सुमारे २.६ लाख चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राहून थोडं लहान. अ‍ॅरिझोनाचा नैर्ऋत्य भाग आणि कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा अमेरिकेत. सोनोरा राज्याचा मोठा हिस्सा, बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा बराचसा भाग आणि मधल्या कॅलिफोर्नियाच्या आखातातली बेटं मेक्सिकोत.

दुसरी हद्द त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीची. ३० डिसेंबर १८५३ रोजी मेक्सिको सिटीत झालेल्या करारानुसार अमेरिकेने १ कोटी डॉलर मोजून सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत दक्षिणेकडून रेल्वे न्यायची तर डोंगर टाळणारी सपाट वाट हवी होती, हे त्यामागचं मुख्य कारण. ज्यांच्या शेतांच्या, झऱ्यांच्या आणि सोयरिकीच्या गावांमधून ही रेषा गेली त्या मूळनिवासी ओओदम लोकांना कुणी विचारलं नाही. आज तोहोनो ओओदम राष्ट्राच्या राखीव जमिनीला सुमारे १०० किलोमीटर आंतरराष्ट्रीय सीमा लागते आणि त्यांचे सुमारे दोन हजार सदस्य मेक्सिकोत राहतात.

या संग्रहातले लेख या दोन हद्दींच्या विसंगतीतून उभ्या राहिलेल्या संशोधनाविषयी आहेत. वाळवंटाचा अभ्यास एका देशात बसून होत नाही, हे त्यांतलं सोपं म्हणणं. अवघड म्हणणं असं की तो माणसांना वगळूनही होत नाही. गेल्या चार-पाच दशकांत या मुलखातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना, पाण्याच्या अभ्यासकांना आणि मानववंशशास्त्रज्ञांना हे हळूहळू उमगत गेलं, आणि तेव्हापासून सामाजिक आणि पर्यावरणीय असे दोन वेगळे विभाग करून काम करणं त्यांना जमेनासं झालं.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. सोनोरात त्या आहेत, पिनाकाते ज्वालामुखीच्या पश्चिमेला आहेत, पण बाकीचं वाळवंट झाडाझुडपांनी भरलेलं आहे. त्याचं कारण पाऊस. या बऱ्याचशा मुलखात तो वर्षातून दोनदा येतो: हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून येणारी संथ झड आणि ऐन उन्हाळ्यात गडगडाटासह कोसळणारा मान्सून. दुसऱ्या पावसाची वाट २४ जूनला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, बघायची असा सोनोरातला जुना रिवाज आहे. गोव्यात त्याच दिवशी सांजाव होतो आणि पोरं भरल्या विहिरींत उड्या मारतात. संत एकच आणि त्याला सोबत मान्सूनची, हे मला फार आवडतं. ओओदमांचं वर्ष मात्र या सणाहून जुन्या गोष्टीने बदलतं. जूनच्या अखेरीस सावारोची लाल फळं पिकतात. सावारोच्याच वाळलेल्या फासळ्या एकमेकींना बांधून केलेल्या लांब काठीने ती पाडायची, रस आटवायचा, त्याची मदिरा आंबवायची आणि ती पिऊन पावसाला बोलवायचं. सावारोला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात आणि त्याचं आयुष्य दीडशेच्या पुढे जातं. करार झाला तेव्हा रोप असलेले काही सावारो आजही उभे असतील.

आता दोन पाणवठ्यांकडे वळतो, कारण या साऱ्या विषयाचं मर्म मला तिथे दिसतं. अ‍ॅरिझोनात, सीमेपासून अगदी हाकेच्या अंतरावर, कितोबाकितो नावाचा झरा आहे. ओओदमांच्या हिया-चेड शाखेचे लोक तिथे राहत. पाटाने पाणी नेऊन शेती करत, अंजीर-डाळिंबं लावत. आखातावरून मीठ आणायला जाणाऱ्यांची वाट तिथूनच जाई. १९३७ साली या भागाला ‘ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारक’ म्हणून संरक्षण मिळालं. पुढे १९५०च्या दशकात राष्ट्रीय उद्यान सेवेने तिथल्या शेवटच्या ओओदम कुटुंबाचे हक्क विकत घेतले, घरं पाडली आणि शेती बंद केली. हेतू वाईट नव्हता. निसर्गाला निसर्गावर सोपवायचं, अशी त्या काळातली प्रामाणिक समजूत होती. झऱ्याचं पाणी एका कुंडात साठत राहिलं आणि ती जागा पक्ष्यांसाठी राखीव म्हणून ओळखली जाऊ लागली.

सीमेच्या दक्षिणेला, सोनोरात, कितोवाक नावाचा दुसरा झरा आहे. तिथे ओओदम लोक राहतच होते. पाणी शेतात खेळवत होते, गुरं चारत होते, बांधावर झाडं लावत होते, झुडपं तोडत आणि जाळत होते. १९८०च्या सुमारास वनस्पती आणि माणसांच्या नात्याचे अभ्यासक गॅरी पॉल नॅभान, पक्षितज्ज्ञ अमादेओ रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही ठिकाणचे पक्षी मोजले. त्यांत मेक्सिकन जीवशास्त्रज्ञ एरिक मेलिंक हेही होते. अमेरिकेतल्या राखीव पाणवठ्यावर ३२च्या आसपास जाती मिळाल्या. माणसांनी गजबजलेल्या कितोवाकला ६५हून अधिक.

शेतीच्या बांधावरचं तण, ओल्या वाफ्यांतले किडे, शेणावरच्या माश्या, कुंपणाला लावलेल्या विलोच्या फांद्या, फळझाडं, पडीक तुकडे: पक्ष्यांना राहायला आणि खायला तिथे नाना प्रकारची जागा होती. माणूस निघून गेल्यावर कितोबाकितोला एकसुरीपणा आला. दोन जागांची ही एकच तुलना आहे आणि तिच्यावरून शेती सगळीकडे पक्ष्यांना मानवते असा नियम काढता येणार नाही, हे मी आवर्जून सांगतो. सोनोराच्याच किनारी पट्ट्यात मोठ्या पंपांवरच्या शेतीने भूजलाची काय अवस्था केली ते पाहिलं की कुणीही असा नियम काढणार नाही. पण ही तुलना शक्य झाली ती सीमेमुळे. एकाच समाजाची, एकाच हवामानातली, एकाच प्रकारच्या पाण्यावरची दोन ठिकाणं. फरक फक्त कायद्याचा. प्रयोगशाळेत कुणी जाणूनबुजून मांडला नसता असा प्रयोग राजकारणाने मांडून ठेवला होता. तो वाचण्यासाठी कुणीतरी दोन्हीकडे जायला हवं होतं, आणि तिथल्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला हवं होतं.

कितोबाकितोची गोष्ट तिथे संपली नाही. त्या कुंडात काही सेंटिमीटरचा पपफिश आणि सोनोयता चिखलकासव राहतात. अमेरिकेत त्यांचं नैसर्गिक घर एवढंच. त्यांचे भाऊबंद सीमेपलीकडच्या सोनोयता नदीच्या उरल्यासुरल्या डबक्यांत आहेत. २०२० साली झऱ्याजवळच्या सीमेवर नऊ मीटर उंचीची पोलादी भिंत उभी राहू लागली. काँक्रीटसाठी आसपास भूजल उपसलं गेलं आणि त्याच उन्हाळ्यात कुंडातलं पाणी भयावह खाली गेलं. लांबलेला दुष्काळ, कुंडाची जुनी गळती आणि हा उपसा यांपैकी कुणाचा वाटा किती यावर वाद झाले. ओओदम मंडळींना मात्र वाद घालण्याआधी तिथे उभं राहायचं होतं. पूर्वजांच्या दफनभूमीशेजारी बुलडोझर चालताना त्यांच्यातले काही जण यंत्रांसमोर उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. पाण्याच्या पातळीचा आलेख आणि ती अटक या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासात याव्यात, असं मला वाटतं.

पश्चिमेला तीनशे किलोमीटरच्या आतच कोलोरॅडो नदीचा त्रिभुज प्रदेश आहे, आणि तिथे हाच प्रश्न फार मोठ्या मापात उभा राहतो. १९२२ साली निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड आपल्या भावासोबत होडीतून या प्रदेशात फिरले. तेव्हा तिथे पॉप्लर-विलोची रानं, हिरवी तळी आणि जग्वारचा वावर होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सात राज्यांनी नदीचं पाणी आपसांत वाटून घेण्याचा करार केला. १९३०च्या दशकात हूवर धरण झालं, १९६०च्या दशकात ग्लेन कॅन्यन. १९४४च्या करारात मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला १.८५ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत ६५ टीएमसी पाणी आलं. १९५० साली सीमेवर मोरेलोस बंधारा बांधून ते सारं मेक्सिकाली खोऱ्यातल्या गहू-कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं. नदीसाठी, तिच्या काठच्या मूळनिवासी कुकापा मच्छीमारांसाठी, गोड्या पाण्याची सवय असलेल्या आखाताच्या मुखासाठी करारात एक थेंबही लिहिलेला नव्हता.

मग भांडण झालं ते मिठावरून. १९६१पासून अ‍ॅरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागातलं शेतीतून निचरलेलं मचूळ पाणी नदीत सोडलं जाऊ लागलं आणि मेक्सिकालीतली पिकं करपली. बारा वर्षांच्या तंट्यानंतर तडजोड झाली. हे पाणी नदीत न सोडता वेगळ्या कालव्याने वाळवंटातल्या एका ओसाड सखल भागात न्यायचं ठरलं, आणि १९७७ साली कालवा वाहू लागला. टाकाऊ पाणी फेकून द्यायची जागा होती ती. काही वर्षांत तिथे हजारो हेक्टरवर पाणकणसाची बेटं दाटली, पाणकोंबड्यांच्या कुळातला दुर्मीळ यूमा रेल तिथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त संख्येने राहू लागला, आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे थवे उतरू लागले. सिएनेगा दे सांता क्लारा हे त्या पाणथळीचं नाव. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले एडवर्ड ग्लेन आणि त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद घेतली तोवर ती कुणाच्याच नियोजनात नव्हती.

आता पेच असा: ते मचूळ पाणी शुद्ध करून वापरात आणण्यासाठी अमेरिकेने यूमा इथे प्रचंड खर्चाचा निर्क्षारीकरण प्रकल्प बांधून ठेवला होता. तो चालला की कालव्यात कमी आणि फार खारं पाणी उरणार, म्हणजे पाणथळ मरणार. २०१०-११ साली प्रकल्प चाचणीसाठी चालवायचं ठरलं तेव्हा दोन्ही देशांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून सिएनेगाला पर्यायी पाणी पुरवलं, आणि दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांच्या एकत्र चमूने पाण्याची खोली, क्षार, गवताची वाढ आणि पक्षी यांची नोंद ठेवली. आकडे दोघांनी मिळून घेतलेले असल्यामुळे ‘तुमचे आकडे, आमचे आकडे’ हा वाद उरला नाही. मला हे यश धरणाच्या भिंतीइतकं भक्कम वाटतं.

त्याच विश्वासावर पुढचं पाऊल पडलं. २०१२ साली १९४४च्या करारात नवी पुरवणी जोडली गेली आणि २३ मार्च ते १८ मे २०१४ या काळात मोरेलोस बंधाऱ्यातून सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी नदीच्या कोरड्या पात्रात सोडलं गेलं. हे साडेचार टीएमसीच्या आसपास होतं, पानशेतच्या साठ्याच्या निम्म्याहूनही कमी. सान लुईस रिओ कोलोरादो या गावाचं नावच नदीवरून पडलेलं, पण तिथल्या पोरांनी नदी पाहिलेली नव्हती. पाणी आलं तेव्हा सारं गाव पात्रात उतरलं. गाणी झाली, घोडे पाण्यात घातले गेले, आज्यांनी नातवंडांना हात धरून नेलं. मे महिन्याच्या मध्यावर नदी समुद्राला टेकली.

त्या दिवसांचे फोटो जगभर गेले. अभ्यासाचे निष्कर्ष त्यांच्याइतके सुखाचे नव्हते. बहुतेक पाणी पहिल्या साठेक किलोमीटरांतच जमिनीत मुरलं. भूजल वर आलं, नदीकाठ हिरवा झाला, पण ती हिरवाई पुढच्या काळात ओसरत गेली. याउलट जिथे स्थानिक लोकांनी मजुरी घेऊन पॉप्लर आणि विलोची रोपं लावली होती, तण काढलं होतं आणि थोडं थोडं पाणी दिलं होतं, तिथे झाडं तगली आणि पक्षी परतले. म्हणून २०१७च्या पुढच्या पुरवणीत एकदम लोंढा सोडण्याऐवजी ठरावीक जागी, ठरावीक हंगामात पाणी देण्यावर भर आला, आणि त्या पाण्याचा भार अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्था यांनी एक-एक तृतीयांश उचलायचं ठरलं. शास्त्रज्ञांनी आपल्याच लाडक्या प्रयोगाचं कठोर मूल्यमापन करून धोरण बदलायला लावलं, ही या कामातली मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट आहे.

इथे एका समाजाचं दुखणं सांगायलाच हवं. १९९३ साली मेक्सिकोने आखाताच्या वरच्या टोकाला जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर केलं, आणि कुकापांच्या पिढीजात मासेमारीच्या जागा त्याच्या गाभा क्षेत्रात गेल्या. नदी वरच्यांनी अडवली, समुद्र संरक्षणाने बंद झाला. पाणी नेणाऱ्यांना कुणी पकडलं नाही. जाळी टाकणाऱ्या कुकापांना मात्र पकडलं गेलं. त्यांच्या बायकांनी या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आहे.

प्राण्यांविषयी पुढे स्वतंत्र लेख आहेत, म्हणून इथे थोडक्यात. सीमेवरच्या भिंतीविषयी बोलताना ‘पक्षी तर उडून जातील’ असं सहज म्हटलं जातं. एरन फ्लेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका ठेंगण्या जातीच्या घुबडाच्या भराऱ्या मोजल्या. हे घुबड सरासरी १.४ मीटर उंचीवरून उडतं; चार मीटरच्या वर गेलेल्या भराऱ्या एक चतुर्थांशही नव्हत्या. सोनोरन प्राँगहॉर्न हा हरणासारखा चपळ प्राणी २००२च्या दुष्काळात अमेरिकेच्या बाजूला अवघा २१वर आला. त्याला वाचवण्यासाठी सोनोरातून जनावरं आणून पैदास करावी लागली. ‘एल हेफे’ या नावाने ओळखला गेलेला जग्वार टूसॉनच्या दक्षिणेच्या डोंगरांत २०१५पर्यंत कॅमेऱ्यांत दिसत होता, मग नाहीसा झाला. नोव्हेंबर २०२१मध्ये तो सोनोरात कॅमेऱ्यासमोरून गेला. अंगावरच्या ठिपक्यांवरून तो ओळखता आला, कारण दोन्हीकडच्या संस्था एकमेकींना फोटो दाखवत होत्या. आणि लांब नाकाचं छोटं वटवाघूळ, जे सावारो आणि अगावेच्या फुलांवर जगत मेक्सिकोतून उत्तरेला येतं, ते १९८८ साली हजाराच्याही आत उरलं असावं असा अंदाज होता. गुहांचं रक्षण, शाळांतून प्रबोधन आणि तकीला बनवणाऱ्यांनी काही अगावे फुलू देणं या मार्गाने मेक्सिकन जीवशास्त्रज्ञ रोद्रिगो मेदेयीन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला सावरलं. २०१८ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडणारं ते पहिलं वटवाघूळ ठरलं.

गवताची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. आपल्याकडे अंजन म्हणून ओळखलं जाणारं गवत आफ्रिका आणि भारताच्या कोरड्या प्रदेशांतलं आहे. जनावरं ते आवडीने खातात, दुष्काळात ते टिकतं. याच गुणांसाठी ते अमेरिकेत नेलं गेलं आणि सोनोरातल्या पशुपालकांनी, सरकारी प्रोत्साहनाने, मूळचं रान साफ करून मोठ्या प्रमाणावर पेरलं. पण सोनोरा वाळवंटाला वणव्याची सवय नाही. तिथल्या झाडांमध्ये मोकळी जागा असते, म्हणून आग पसरत नाही. अंजनाने ती जागा भरून काढली आणि पेट घेतला की सावारो जळू लागले. अ‍ॅरिझोनाने २००५ साली या गवताला उपद्रवी तण ठरवलं. टूसॉनला दर हिवाळ्यात स्वयंसेवक ते कुदळीने उपटतात, आणि सीमेपलीकडे तेच गवत पशुपालकाच्या पोटाचा आधार आहे. कोण चूक? पशुपालकाशी न बोलता केलेलं तणनिर्मूलनाचं नियोजन सीमेपाशी येऊन थांबतं.

उलट दिशेनेही देवघेव झाली. मध्य अमेरिका आणि मेक्सिकोकडच्या मेस्कीट कुळातलं एक काटेरी झाड १८७७च्या सुमारास भारतात आणलं गेलं. जोधपूर संस्थानाने १९४० साली त्याला शाही झाडाचा मान दिला. तीच आपली वेडी बाभूळ. कच्छच्या बन्नी कुरणात तिने गवत गिळलं, सोलापूर-मराठवाड्याच्या माळांवर आणि धरणांच्या काठांवर ती माजली, आणि त्याच वेळी गरिबाच्या चुलीला सरपण आणि कोळसेवाल्याला धंदाही तिनेच दिला. दोन कोरड्या मुलखांनी एकमेकांना एकेक झाड-गवत दिलं आणि दोन्हीकडे सारखाच गुंता झाला.

माणसाच्या शरीरावर उमटलेली सीमा हा आणखी एक विषय. अ‍ॅरिझोनातले पिमा, म्हणजे ओओदमांचेच नदीकाठचे भाऊबंद, हिला नदीवर पाटाची शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या वसाहतवाल्यांनी नदी वळवली, शेती बुडाली, आणि पुढे सरकारी शिध्याचं पांढरं पीठ आणि चरबी ताटात आली. आज जगातल्या सर्वाधिक मधुमेही समाजांत त्यांची गणना होते. त्यांचेच रक्ताचे नातलग सोनोराच्या डोंगरात मायकोबा गावी राहतात, शेतात राबतात, मका आणि घेवडा खातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पिमांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ३८ टक्के निघालं, मायकोबातल्या पिमांमध्ये ६.९ टक्के. मधुमेह ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं सांगणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही. आज ओओदम तरुण तेपारी नावाचं कडधान्य पुन्हा पेरत आहेत. आपल्या मटकीसारखंच ते एका-दोन पावसांवर येतं. त्या पेरणीमागे पाण्याच्या हक्काची लढाई आहे, आजीची पाककृती आहे आणि रक्तातल्या साखरेचे आकडेही आहेत.

हे संशोधन करायचं कसं, यावर मला थोडं कठोर बोलायचं आहे. दीर्घकाळ पद्धत अशी होती की पैसा आणि प्रश्न उत्तरेचे, वाटाड्या आणि गाडी दक्षिणेची, निबंध इंग्रजीत, आणि ज्यांच्या माहितीवर तो उभा त्यांच्या हाती काही नाही. याला अपवाद होते. वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड फेल्गर आणि भाषाभ्यासक मेरी बेक मोझर यांनी किनाऱ्यावरच्या कोमकाक लोकांसोबत आयुष्याचा मोठा काळ घालवला. समुद्रतळावर उगवणाऱ्या गवताचं बी हे लोक धान्य म्हणून गोळा करत, ही शास्त्राला अपरिचित गोष्ट १९७३ साली त्यांनी मांडली, आणि कोमकाक भाषेतली झाडांची नावं आणि उपयोग यांचा त्यांचा ग्रंथ १९८५ साली आला. आज दोन्ही देशांतले तरुण अभ्यासक तीन भाषांतून काम करू पाहतात. ओओदम राष्ट्राच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय संशोधन होत नाही, आणि तसंच असायला हवं.

अडचणी खऱ्या आहेत. एका देशात गोळा केलेलं बी दुसऱ्या देशात न्यायला कागदांची चळत लागते. मेक्सिकन विद्यार्थ्याचा व्हिसा नाकारला की चमू अर्धा होतो. काही रस्त्यांवर तस्करांची भीती आहे, काही जमिनींवर लष्करी सराव. आणि या सगळ्याच्या वर माणसांचे मृत्यू आहेत. १९९०च्या दशकात शहरांजवळची सीमा बंद करून स्थलांतरितांना वाळवंटाकडे ढकलणारं धोरण आलं. २०००पासून दक्षिण अ‍ॅरिझोनात तीन हजारांहून अधिक मृतदेह किंवा सांगाडे सापडले आहेत. झाडांची मोजणी करायला गेलेल्या अभ्यासकाला पाण्याची रिकामी बाटली आणि लहान मुलाचा बूट सापडतो. त्याने तो आपल्या नोंदीत कुठे लिहायचा? माझं उत्तर आहे की त्याने तो लिहायलाच हवा. उष्णता, पाण्याचे साठे आणि चालण्याचं अंतर यांच्या नकाशांनी काही जीव वाचले आहेत.

सीमा ओलांडण्याची एक जुनी, श्रद्धेची रीतही या मुलखात आहे. ओओदम लोक दर ऑक्टोबरला सीमा ओलांडून सोनोरातल्या माग्दालेना गावी पायी वारी करतात. तिथे संत फ्रान्सिस झेवियरची आडवी मूर्ती आहे. जुन्या गोव्याच्या बासिलिकात ज्यांचं शव आहे, तेच हे झेवियर. १६८७पासून या मुलखात मिशनं उभारणारे फादर किनो या संताचे भक्त होते. ते १७११ साली माग्दालेनातच वारले आणि संत तिथे रुजला. वारकऱ्यांच्या जुन्या वाटांवरची फाटकं आता एकेक करून बंद होत गेली आहेत.

आपल्या देशाच्या सीमेवरही एक वाळवंट आहे. थरमध्ये सीमेच्या पूर्वेला बाडमेर-जैसलमेर, पश्चिमेला थरपारकर आणि चोलिस्तान. मधे तारांचं कुंपण आणि रात्रभर जळणारे दिवे. इथे संयुक्त संशोधन अशक्य आहे, असं आपण गृहीत धरून बसतो. पण टोळधाडीपुरतं ते घडत आलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मध्यस्थीने १९७७पासून दोन्ही देशांचे टोळ नियंत्रण अधिकारी जून ते नोव्हेंबर या काळात मुनाबाव किंवा खोखरापार इथे सीमेवर भेटून पाऊस, ओल, हिरवळ आणि टोळांची माहिती देत-घेत आले आहेत. २०२०च्या मे महिन्यात टोळ राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून अमरावती आणि काटोलकडे उतरले आणि विदर्भातल्या संत्रेवाल्यांनी थाळ्या बडवल्या, त्या वर्षी भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तानचे अधिकारी याच संघटनेच्या व्यवस्थेखाली दर आठवड्याला ऑनलाइन बोलत होते. बलुचिस्तानातल्या पावसाची बातमी वरूडच्या बागाईतदाराला उपयोगाची असते, ती अशी.

मग माळढोकाविषयी का नाही? महाराष्ट्राने त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळांवर अभयारण्य केलं आणि नान्नजला तो पाहायला लोक लांबून येत. आज नान्नजला तो जवळपास दिसेनासा झाला आहे. देशात दीडशेच्या आत पक्षी उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर भागात आहेत. विजेच्या तारांना धडकून त्यांचे मृत्यू होतात. सीमेपलीकडे चोलिस्तानात अधूनमधून माळढोक दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि तिथे शिकारीचं भय आहे. तिकडची गवताळ राखणं कशी आहेत, दोन्हीकडचे मेंढपाळ काय सांगतात, हे एका वहीत कुठेच लिहिलेलं नाही. मुनाबावच्या टेबलावर टोळांच्या तक्त्याशेजारी माळढोकाचा एक तक्ता ठेवायला नवा करार लागेल असं मला वाटत नाही. दोन्ही बाजूंच्या वन खात्यांचा एकेक माणूस त्या बैठकीला जायला हवा.